भाडं निराळं, भरपाई निराळी

१४ नोव्हेंबर १९८२, रविवार. मोहाडी

ही वही मी हौसेने लिहायला घेतलेली नाही. उद्या कोणी काही म्हणालं तर माझ्याजवळ तारीखवार लेखी असावं, एवढ्याचसाठी. विणकर सोसायटीचा बारा वर्षं चिटणीस आहे. तोंडी काही ठेवू नये हे त्यातूनच शिकलो.

तर लेखी असं. दिल्लीच्या हातमाग प्रदर्शनात आमच्या सोसायटीला कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडासाठी एक गाळा मिळाला आहे. पत्र टपालात पंधरा दिवस पडून राहिलं. का राहिलं ते पोस्टमनला विचारलं पाहिजे. काल तार आली, की अठराच्या सकाळी हजर व्हा, नाहीतर गाळा दुसऱ्याला देऊ. दिल्लीत एशियाड असल्यामुळे रेल्वेत जागा नाही. मंडळाने ठरवलं की चंद्रभानने, म्हणजे मी, विमानाने जावं. भाडं सहाशे ऐंशी रुपये, सोसायटीच्या खात्यातून.

लक्ष्मणरावांनी विरोध केला. मंडळावर तेही आहेत, आणि आमचं बहुतेक कापड तेच विकत घेतात. आम्ही थेट दिल्लीत विकलं तर त्यांची पंचाईत. पण ठराव झाल्यावर त्यांनीच आपला काळा कोट मला देऊ केला. विमानात असा सदऱ्यावर कसा जाशील, म्हणाले. कोट घेतला, पण का दिला असेल हे कळेपर्यंत बेसावध राहणार नाही.

तिकीट धनीरामने नागपूरहून आणलं. धनीराम सोसायटीचा कारकून. त्याची आई लवकर गेली, त्यामुळे अर्धं बालपण आमच्याच घरी गेलं. मायने आम्हा दोघांना एकाच मागावर बसवून धोटा फेकायला शिकवलं. त्याचा हात बसला, माझा बसला नाही. म्हणून मी चिटणीस झालो. तो अजून माझ्या मायला मायच म्हणतो. तिकिटाची पानं मी तीनदा मोजून घेतली. त्याने ते पाहिलं.

१७ नोव्हेंबर. नागपूर विमानतळ, मग स्टँडजवळची लॉज

विमान रद्द.

आधी म्हणाले एक तास उशीर, मग दोन, मग यांत्रिक बिघाड. मी काचेतून पाहत होतो. विमान तर चांगलं धडधाकट उभं होतं. पुढचं विमान परवा, आणि तेही भरलेलं. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, बाई, उद्या सकाळी मी गाळ्यात नसलो तर गाळा गेला, बारा विणकरांचं कापड माझ्या गाठोड्यात आहे, याची भरपाई कोण देणार? तिने चहाचं कूपन दिलं. चहाबरोबर दोन बिस्किटं होती. सगळ्यांना चहा पाजतात म्हणजे यांना आधीपासून ठाऊक असणार.

तिकिटातलं जे पान तिने फाडून घेतलं होतं, ते शिक्का मारून परत दिलं. वर म्हणाली, हे जपा, याच्याशिवाय भाडं परत मिळणार नाही. हे तिने दोनदा सांगितलं. दोनदा का?

पान तिकिटाच्या जाड पाकिटात घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. मग वाटलं, चोर पहिल्यांदा आतलाच खिसा पाहतात, म्हणून बाहेरच्या खिशात. लॉजमध्ये खोलीत दुसरा माणूस होता, भंडाऱ्याचा म्हणतो, म्हणून तिथून काढून कापडाच्या गाठोड्यात. गाठोडं उशाला घेतलं तर तो विचारतो, त्यात काय आहे. मग पुन्हा काढलं. सावध माणसाला झोप कुठली.

१८ नोव्हेंबर. मोहाडी

दुपारी घरी आलो. आत्ता दिल्लीत आमच्या गाळ्यात दुसऱ्याच कोणाचं कापड लटकत असेल. रागाने डोकं फुटायची पाळी आली.

आल्याआल्या कंपनीला पत्र लिहायला बसलो. लिहिताना मायने मागावरून हाका मारून डोकं खाल्लं. एका ताण्यावर ती तीन लुगडी सलग विणते आणि तिन्ही एकदमच कापून उतरवते. एक संपून दुसरं सुरू होताना गुंडाळीत जाड कागद घालते, म्हणजे कापायची जागा कळते. आज पहिलं संपलं होतं. "चंदू, जाड कागद दे बाप्पा एखादा," असं चार वेळा झालं. शेवटी कोटातलं हाताला लागलं ते दिलं आणि पत्र पुरं केलं. पत्र चांगलं उतरलं आहे.

संध्याकाळी धनीराम येऊन कापडाचं गाठोडं घेऊन गेला. कोट शोभाने, माझ्या बायकोने, लक्ष्मणरावांकडे परत नेऊन दिला.

२३ नोव्हेंबर

माय सकाळी विहिरीवर घसरली. उजवं मनगट मोडलं. भंडाऱ्याला नेऊन प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले दोन महिने तरी हात हलवायचा नाही, वय पाहता जास्तच. दुसरं लुगडं नुकतंच मागावर चढलं होतं. मी म्हटलं, सोसायटीतलं कोणी बसवू, पुरं करून घेऊ. ती कळवळत होती तरी उठून बसली. "दुसऱ्याचा हात लागला का कापड सांगते. माह्या लुगड्याले कोणी हात लावू नोका." आमच्यात तशी रीतच आहे, सुरू केलेलं लुगडं ज्याचं त्यानेच उतरवायचं. मागावर चादर टाकून दिली.

२९ नोव्हेंबर

तिकीट नाही.

भाडं परत मागायला नागपूरला जायचं म्हणून शोधलं. पेटी, कपाट, पत्रांची फाइल, देवघर, सगळं पाहिलं. शोभाचं कपाटही पाहिलं. ती म्हणाली, तुम्ही स्वतः कुठे ठेवलं ते आधी आठवा. फार शांतपणे म्हणाली. मला तर नक्की आठवतं, एकतर गाठोड्यात होतं किंवा कोटात. गाठोडं धनीरामने नेलं. कोट लक्ष्मणरावांकडे गेला. यापलीकडे तिसरी वाट नाही.

संध्याकाळी लक्ष्मणरावांकडे काहीतरी निमित्त काढून गेलो आणि खुंटीवरच्या कोटाचे खिसे चाचपले. त्यांनी पाहिलं. हसले आणि म्हणाले, "काय शोधून राहिले चंद्रभानजी? कोट तं माहाच हाये." खिशात फक्त चहाच्या कूपनाचा तुकडा होता.

धनीरामला विचारलं. तो म्हणाला, गाठोडं सगळ्या विणकरांसमोर सोडलं, त्यात कापडाशिवाय काही नव्हतं. सगळ्यांसमोर का सोडलं? एवढा साक्षी-पुरावा माणूस कधी करतो?

११ डिसेंबर

नागपूरला कंपनीच्या कचेरीत जाऊन आलो. चष्मेवाला माणूस होता. त्याने रजिस्टर काढून माझं नाव दाखवलं. उड्डाण रद्द झालं, भाडं पूर्ण परत मिळेल, यात वाद नाही, म्हणाला. "तिकीट आणा, आत्ता देतो." हरवलं म्हटल्यावर चष्मा काढून ठेवला. मग अर्ज करा, प्रतिज्ञापत्र द्या आणि तिकिटाची वर्षाची मुदत संपेपर्यंत थांबा. तोवर ते दुसऱ्या कोणी आणून पैसे नेले नाहीत, तर विचार होईल.

दुसऱ्या कोणी. हे शब्द मी बसमध्ये वहीच्या कोपऱ्यावर लिहून ठेवले. म्हणजे दुसऱ्याला नेता येतात.

रात्री धनीरामला बोलावून दुसरं पत्र सांगितलं. पत्रं तोच लिहितो, अक्षर चांगलं आहे. मुद्दाम त्याच्याकडूनच लिहवून घेतलं, चेहरा पाहायला. त्यात मी असं घातलं: "भाडे परत करणे ही निराळी गोष्ट आणि झालेले नुकसान भरून देणे ही निराळी गोष्ट. आम्ही दोन्ही मागतो." या वाक्यावर तो थांबला. म्हणाला, भाऊ, भाड्याचंच तिकीट जवळ नाही, मग भरपाई कोणत्या तोंडाने मागायची? मी म्हटलं, तू लिही. त्याने लिहिलं, पण मान खाली होती.

२४ डिसेंबर

कंपनीचं उत्तर आलं. भाडं मूळ तिकिटावरच मिळेल. गाळा गेला, गिऱ्हाईक गेलं वगैरे नुकसानीला कंपनी जबाबदार नाही. तिकिटाच्या मागे छापलेली अट वाचावी. तिकीट असतं तर वाचली असती.

लक्ष्मणराव पानठेल्यावर म्हणाले म्हणे, की विमान उडालंच नाही पण पैसे उडाले. ऐकणारे हसले. ही गोष्ट मला तिघांनी येऊन वेगवेगळी सांगितली, आणि तिघांच्याही डोळ्यांत मी एकच पाहिलं, की पैसे मीच खाल्ले हे तेही खरं धरतात. बारा वर्षांत सोसायटीच्या चहाचा एक कप मी फुकट घेतलेला नाही.

पंपावर पाणी भरताना बायकांत बोलणं झालं ते गेल्या आठवड्यात मायपर्यंत आलं. तिने मला जवळ बोलावलं. म्हणाली, "चंदू, लोक काय म्हणून राहिले? तुह्या बापाच्या नावाले कधी डाग नोहता." मी म्हटलं, माय, तिकीट चोरीला गेलं. कोणी चोरलं, तिने विचारलं. मी म्हटलं, शोधून काढीन. तिने प्लास्टरचा हात पोटाशी घेतला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या दिवसापासून जेवण अर्ध्यावर आलं आहे तिचं.

९ जानेवारी १९८३

सोळा तारखेला सभा बोलावली आहे. विषय एकच, विमानभाड्याचा खुलासा. लक्ष्मणरावांनी सह्या गोळा केल्या. खुलासा नाही झाला तर मला चिटणीसपदावरून काढणार, आणि पैसे वसूल होईपर्यंत आमच्या घराला सूत देणार नाहीत. सूत नाही तर माग नाही. आणि मायचा हात बरा होईल तेव्हा ती कशावर बसणार?

धनीराम रोज संध्याकाळी मायजवळ येऊन बसतो. दोघं हळू बोलतात. मी गेलो की थांबतात. काल दाराआड उभा राहिलो, तर माय म्हणत होती, नको रे, लेकरं दुधाची आहेत तुझी. तो म्हणाला, माय, तुला माझ्या गळ्याची आण, बोलायचं नाही. कसलं बोलायचं नाही? माझ्याच घरात माझ्याच आईला आण घालतो.

१३ जानेवारी

आज बाजारात धनीराम जनावरांच्या बाजूला दिसला. कोष्ट्याचं तिकडे काय काम? मला पाहून बैलांच्या रांगेमागे सरकला. नोंद करून ठेवतो.

१६ जानेवारी, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

सभेला चाळीसच्या वर माणूस. लक्ष्मणराव पुढे बसलेले. माझा खुलासा मी वाचायला घेतला, तेवढ्यात धनीराम उठला, रुमालात बांधलेल्या नोटा टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "विमानाचे पैसे आले. सहाशे ऐंशी. मोजून घ्या."

मोजले. बरोबर. लक्ष्मणरावांनी पावती विचारली. तो म्हणाला, मागून येते. लोक उठून माझ्या पाठीवर थापा मारायला लागले. एकाने तर तंबाखूची डबी पुढे केली. खरं सांगतो, दोन मिनिटं माझ्याही छातीवरचा दगड उतरला होता.

मग मी नोटा पाहिल्या. दहादहाच्या, पाचाच्या, मळक्या, एकीला हळद लागलेली. विमान कंपनी अशा नोटा देते का? कोऱ्या नोटा याने कुठेतरी बदलून घेतल्या. आणि तिकिटाशिवाय कंपनी एक पैसा देत नाही, हे मला त्या चष्मेवाल्याने तोंडावर सांगितलेलं. म्हणजे तिकीट याच्याजवळ होतं. गाठोड्यातून यानेच काढलं, पैसे उचलले, आणि आता सभा अंगावर येते आहे पाहून गुपचूप परत केले. सगळं जिथल्या तिथे बसलं.

मी सगळ्यांसमोर विचारलं, तिकीट तुझ्याजवळ कुठून आलं? पुन्हा विचारलं. "भाऊ," तो म्हणाला, "पैसे आले नं. झालं. बसा आता."

बसा म्हणाला म्हणून माझा तोल गेला. मी म्हटलं, माझ्या मायच्या हातचं खाऊन मोठा झाला आणि माझ्याच घरात चोरी केलीस. तू चोर आहेस. त्याने वर पाहिलं, माझ्याकडे नाही, दाराकडे. आणि निघून गेला.

लक्ष्मणराव म्हणाले, मले पहिलेपासूनच वाटत होतं. माझ्याबद्दल वाटत होतं का त्याच्याबद्दल, ते त्यांनी सांगितलं नाही.

२० जानेवारी

धनीरामने राजीनामा पाठवला. दोन ओळी. किल्ल्या आणि रजिस्टरं ताब्यात घ्यायला मीच गेलो, दुसऱ्यावर विश्वास नाही. तो घरी नव्हता. कारध्याला मेव्हण्याकडे गेला, त्याची बायको बेबीबाई म्हणाली. नदीच्या रेतीत डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्या लागतात तिथे मजुरीला. कारकुनी सोडून डांगराला पाणी घालायला गेला, म्हणजे मन खातच असणार.

बेबीबाईने बसायला सांगितलं आणि चहा दिला. काळा. दुधाचा थेंब नाही. या घरी नेहमी सायीचा चहा मिळायचा, दाराशी गाय आहे त्यांच्या. चोर म्हटलं म्हणून दुधाला महाग केलं, किंवा गरिबीचं सोंग असेल. अर्धा कप तसाच ठेवला. अंगणातून निघताना गोठ्यात गाय दिसली नाही, चरायला गेली असेल.

रजिस्टरं घरी आणून दोनदा तपासली. एक पै इकडची तिकडे नाही. हुशार आहे.

७ फेब्रुवारी

मायचं प्लास्टर काढलं. मनगट बारीक झालं आहे, पण दुपारीच मागावर जाऊन बसली. मी नको म्हटलं तर तिने धोटा उचलला. सभेपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. हे मी आधी हाताच्या दुखण्यावर घातलं होतं.

आज एकच म्हणाली, धनीरामला बोलाव. मी म्हटलं, त्याचं नाव या घरात काढायचं नाही. माय फणी ठोकत राहिली. ठोका पूर्वीसारखा जोरात नव्हता.

५ मार्च, शनिवार

सकाळी मायने तिन्ही लुगडी उतरवली. कापायला शोभा बसली, मी गुंडाळी धरून होतो. तिसरं उलगडलं, दुसरं उलगडलं, आणि दुसऱ्या-पहिल्याच्या मध्ये मायने घातलेला कागद माझ्या मांडीवर पडला.

तिकिटाचं पाकीट. आत पान. वर शिक्का, उड्डाण रद्द, १७ नोव्हेंबर. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

शोभाने कात्री खाली ठेवली. माय म्हणाली, "हा तं तूच देल्ता मले. मले काय मालूम, कायचा कागद हाये तं." तिला वाचता येत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ

ही वही उघडून मागे गेलो. १८ नोव्हेंबर. "कोटातलं हाताला लागलं ते दिलं." माझ्याच अक्षरात. चार महिने ही वही माझ्या उशाशी होती. लोकांना पकडायला लिहिली आणि मी ती एकदाही वाचली नाही.

तिकीट गुंडाळीत होतं, तर कंपनीने धनीरामला पैसे कशावर दिले?

कंपनीने दिलेच नाहीत.

मायजवळ जाऊन बसलो. विचारायची हिंमत होईना. शेवटी तीच बोलली. धनीरामने गाय विकली. सभेत मला चोर म्हणतील आणि ते मायच्या कानावर येईल, हे त्याला बघवलं नाही. मायने नको म्हटलं होतं. पण त्याने गळ्याची आण घातली, म्हणून ती गप्प राहिली. मी म्हटलं, मी त्याला सभेत चोर म्हणालो तेव्हा तरी सांगायचं होतंस. माय म्हणाली, "सांगतलं असतं तं तू म्हनला असता, माय त्याले मिळून हाये."

म्हणालो असतो. खरं आहे. मला आज माझीच किळस आली.

६ मार्च

सकाळच्या बसने भंडारा, तिथून पुलावरून पायी कारध्याला. वैनगंगेच्या रेतीत धनीराम गुडघ्यावर बसून डांगराच्या वेलाला ओंजळीने पाणी घालत होता. मी तिकीट पुढे केलं. तो हात धोतराला पुसून उभा राहिला, पाकीट उघडून पाहिलं, शिक्का वाचला आणि परत दिलं. कुठे सापडलं, विचारलं. मी सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.

मी म्हटलं, चुकलं माझं, पैसे कंपनीकडून आणून तुझ्या हातात ठेवतो. एक पैसा ठेवणार नाही.

तो म्हणाला, "ते तं भाडं झालं, भाऊ. तुमीच लिवाले लावलं होतं मले. भाडं निराळं, भरपाई निराळी."

मग पुन्हा खाली बसला आणि पुढच्या वेलाला पाणी घालायला लागला. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाला, "इथं रेतीत एकट्याले येऊन चुकलं म्हननं सोपं हाये. चोर तुमी चाळीस लोकांत म्हटलं होतं."

परत येताना पुलावर बराच वेळ उभा होतो. कंपनीला मी केवढ्या तोऱ्यात पत्रं लिहिली होती. तुमच्या अटींमागे लपू नका, असंही एका पत्रात होतं.

१३ मार्च, रविवार

सभा मीच बोलावली. तिकीट हातोहात सगळ्यांना दाखवलं. मग ही वही वाचली. १८ नोव्हेंबरचं पान वाचलं, बाजाराची नोंद वाचली, १६ जानेवारीचं पूर्ण वाचलं, काळ्या चहाचंही वाचलं. कोटाचे खिसे चाचपले तेही वाचलं, लक्ष्मणराव समोर असताना. धनीराम आला होता, पण दाराशी उभा राहिला.

वाचून झाल्यावर म्हणालो, चोर कोणीच नव्हतं. मी संशय घेतला आणि ज्याने मला वाचवलं त्याच्याच डोक्यावर तो ठेवला. चिटणीसपद सोडतो.

लक्ष्मणराव म्हणाले, आता झालं ते झालं. कोणी साथ दिली नाही. एक म्हातारा विणकर उठला आणि धनीरामला हाताला धरून पुढे घेऊन आला, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. कारकुनी पुन्हा घे म्हणाले सगळे. त्याने नाही म्हटलं. घरी माग आहे, विणीन म्हणाला. आवाजात राग होता. सभा संपल्यावर माझ्याशी न बोलता गेला.

१० एप्रिल

कंपनीचा चेक वटला. चष्मेवाल्याने तिकीट उलटंपालटं करून पाहिलं, त्याला कोशाचा वास येत होता. म्हणाला, हे पहिल्याच दिवशी आणलं असतं तर. मी म्हटलं, हो. भरपाईचं पुन्हा विचारलं नाही. तिकिटाच्या मागची अट मात्र आता वाचली, आठ ओळी आहेत.

सोसायटीने धनीरामचे सहाशे ऐंशी मंजूर केले. संध्याकाळी घेऊन गेलो. त्याने न मोजता बेबीबाईच्या हातात दिले. मी म्हटलं, हे भाडं. भरपाईचं तू सांग, त्या गाईचा माग काढू, मिळाली तर सोडवून आणू. तो म्हणाला, ती तुमसरच्या माणसाकडे गाभण आहे, आता त्यांचीच झाली. जाऊ द्या. मग आम्ही दोघं रिकाम्या गोठ्याकडे पाहत बसलो. त्याने विचारलं, मायचा ठोका कसा पडतो आता. मी म्हटलं, हलका पडतो. उद्या येतो पाहायला, म्हणाला.

बेबीबाईने चहा आणला. चहात दूध होतं. दूध कुठून आणलं यांनी, असं माझ्या मनात आलंच. जन्माची खोड. तेवढ्यात ती रिकामा गडू घेऊन शेजारच्या घरी परत द्यायला गेली. चहा गरम होता. मी दोन्ही हातांनी कप धरला आणि तळापर्यंत प्यालो.